रिसेप्शनवरच्या मेलेल्या बाईचं हसू

३ मार्च

ठके,

अकरा वर्षांनी तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि पहिला विचार आला, घरात कुणी आजारी तर नाही? मग लक्षात आलं की घर म्हणजे आता आपण दोघीच, आणि मी ठणठणीत आहे. तेव्हा पाकीट फोडलं.

तब्येतीच्या दोन ओळी, आईच्या शिवणयंत्राची अर्धी ओळ, आणि मग मुद्दा. 'ताई, तू तेव्हा केलेला माझा प्लास्टरचा चेहरा अजून असेल तर पाठव. दुसरा भाग करतोय.'

बातमी मी वाचली होती. 'मेलेले वेळेवर येतात' या सिनेमाचा पुढचा भाग, 'मेलेले पुन्हा रुजू'. एकोणीस वर्षांनी. खाली त्या दाढीवाल्या दिग्दर्शकाचा फोटो. दाढी पांढरी झाली, अक्कल हिरवीच राहिली. अगं, पहिला सिनेमा चालला कारण त्यात एक खरी गोष्ट होती. एका कचेरीतले सगळे मरतात, दुसऱ्या दिवशी झॉम्बी होऊन वेळेवर कामावर येतात आणि वरच्या साहेबांना दोन वर्षं फरक कळत नाही. लोक पोट धरून हसले ते मेलेल्यांना नाही, स्वतःच्या कचेरीला हसले. असा विनोद एकदाच होतो. तोच पुन्हा सांगायला उभा राहणारा माणूस फार भोळा तरी असतो, नाहीतर फार रिकामा.

शिवाय मेलेली माणसं म्हातारी होत नाहीत. हे तुमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही? रिसेप्शनवरची मेलेली बाई पंचवीस वर्षांची होती. तू आता चव्वेचाळीसची आहेस. ही मधली एकोणीस वर्षं तुम्ही कोणत्या थडग्यात पुरणार आहात?

मेकअपला कुणी नवी बाई घेतली आहे म्हणे. यंत्रातून चेहऱ्याचं माप घेते, पडद्यावर गरगर फिरवते. घेऊ दे. मी मेकअपवाल्यांच्या संघटनेत वीस वर्षं एकच भाषण करत आले आहे: चेहरा हाताला कळतो, डोळ्याला फक्त दिसतो. यंत्राला तर दोन्ही नाही. लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन यंत्र विकत घेतात.

साचा नाही. मागच्या वर्षी भिंतींना रंग दिला तेव्हा फळीवरून पडला आणि फुटला. तुकडे झाडून टाकले.

तब्येत बरी आहे. आईचं शिवणयंत्र चालू आहे.

ताई


१४ मार्च

ठके,

तू भांडशील असं वाटलं होतं. चार पानी उत्तराची तयारी करून बसले होते. आणि तुझं काय, 'ठीक आहे ताई, फुटला तर फुटला.' हा तुझा जुना डाव. लहानपणी खेळणं हिसकावलं की रडायची नाहीस, नुसती हात खाली सोडून उभी राहायचीस. मग हिसकावणारीला ते खेळणं टोचायला लागायचं.

वर त्या दाढीचं, तुमच्या दिग्दर्शकाचं, उत्तरही कळवलंस. मेलेल्यांना म्हातारपण नसतं, पण नोकरीत असतं. एकोणीस वर्षं बिनरजेची नोकरी केल्यावर झॉम्बीचेही केस पिकतात. कबूल करते, हे वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. मग राग आला.

आता त्या नवीने तुझ्यावर केलेल्या चाचणीच्या फोटोंबद्दल. 'तुझं मत कळव' असं लिहिलंस. हे माझ्याकडून मत मागणं आहे की जखमेवर बोट ठेवणं, ते तुझं तुला माहीत.

मत असं. गालावरचं रबर कुठे संपतं आणि तुझी कातडी कुठे सुरू होते, ते मी भिंग घेऊन शोधलं. सापडलं नाही. सापडलं असतं तर बरं वाटलं असतं. आमच्या वेळी मी कडा टिश्यू पेपर आणि डिंकाने झाकायची आणि दुपारी दिव्यांच्या उष्णतेत त्या सुटायच्या. मी ब्रश घेऊन तुझ्यामागे धावायची. मानेवरच्या निळ्या शिरा उत्तम. कपाळ उत्तम. हात शिकलेला आहे, हे मी लिहून देते आणि लिहिताना माझे दात आवळलेले आहेत.

पण हसू? ठके, ते हसू आहे? दोन्ही कोपरे सारखे वर. अशी बाई रिसेप्शनवर बसली तर लोक खरंच आत जातील. आपली बाई 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' म्हणायची आणि ओठाचा डावा कोपरा गालाने ओढून धरल्यासारखा वर जायचा, उजवा जागचा हलायचा नाही. त्या तिरक्या हसण्यावर पाचशे माणसांचं थिएटर एकदम फुटायचं. मुलं शाळेत तसं हसून मार खायची. ते हसू नसेल तर तुमचा दुसरा भाग म्हणजे नुसता हजेरीपट.

आणि फोटोंत तिची बोटं आली आहेत. एक अंगठा तुझ्या हनुवटीखाली, तोंड वर करून धरलेलं. एक्केचाळीस दिवस, रोज सकाळी अडीच तास, तो अंगठा माझा होता. तू डोळे मिटून बसायचीस आणि मी तुला पेपर वाचून दाखवायची, अग्रलेखासकट. तू म्हणायचीस, 'ताई, मेलेल्या माणसाला राजकारण कशाला?' आता ती काय वाचून दाखवते? की गाणी लावते?

मी ते फोटो आपल्या साच्याशेजारी ठेवून ओळीने तपासले. तिने तुझी गालफडं

लिहून गेले. खोडणार नाही, खोडलेलं तू उजेडात धरून वाचतेस हे मला माहीत आहे. साचा फुटलेला नाही. आईच्या दोऱ्यांच्या डब्यांशेजारी आहे. मी खोटं बोलले. पण पाठवणार नाही. का ते विचारू नकोस.

ताई


२६ मार्च

ठके,

तुझी नवी बाई काल घरी येऊन गेली. तू पाठवलंस की ती आपणहून आली? ती म्हणाली, आपणहून. म्हणजे तूच पाठवलंस.

दार उघडलं तर हातात चपला घेऊन उभी. बाहेरच काढल्या होत्या. "ताई, आत येऊ?"

"कुणाची ताई?"

"सगळे तुम्हाला ताईच म्हणतात," ती म्हणाली. "दुसरं काय म्हणू? मॅडम म्हटलं तर तुम्ही भाषण द्याल, असं ऐकलंय."

आगाऊ आहे. बत्तीस वर्षांची. तेराव्या वर्षी आपला सिनेमा पाहिला आणि घरी येऊन धाकट्या भावाच्या तोंडावर कणीक थापली, वर कोको चोळला. आईने कणीक वाया घालवली म्हणून तिला धोपटलं, भावाला मात्र ते इतकं आवडलं की तो तसाच शाळेत निघाला. "माझ्या धंद्याची सुरुवात तुमच्यामुळे," म्हणाली. माणसाला असं कुणी तोंडावर म्हटलं की त्याचा द्वेष करणं किती जड जातं, ते मला काल कळलं. तरी मी नेटाने करत होते.

मग तिने फळीवर पाहिलं.

"हाच तो?"

"हाच."

"हात लावू?"

"नजर लावलीतच. आता हात लावा."

तिने तो दोन्ही हातांनी उतरवला, तान्हं मूल घेतात तसा, मानेखाली हात देऊन. तिथेच माझा अर्धा राग गळाला, कारण प्लास्टरचा चेहरा असा उचलायचा असतो हे शिकवून येत नाही. खिडकीशी नेला. बोटाने कपाळावरून नाकापर्यंत आली, नाकावरून हनुवटीपर्यंत. हनुवटीवर थांबली.

"हा त्यांचा नाही," म्हणाली.

"मग काय तुमचा?"

"तुमचा." आणि माझ्या हनुवटीकडे पाहिलं. "खळी आहे. त्यांना नाही. आणि इथे जबडा बोटभर रुंद आहे. त्यांचा चेहरा मला पाठ आहे, ताई. चार महिने तोच बघतेय."

एकोणीस वर्षं. दाढीने पाहिला, निर्मात्याने पाहिला, वर्तमानपत्रवाल्यांनी फोटो काढले, तू स्वतः मांडीवर घेऊन बसलीस. कुणाला कळलं नाही. हिला पाच मिनिटांत कळलं. चेहरा हाताला कळतो, हे वाक्य मी ज्यांना वीस वर्षं ऐकवलं त्यांतल्या एकालाही ते कळलं नव्हतं. कळलं ते हिला, आणि हिने माझं भाषण कधी ऐकलेलंही नाही.

ती म्हणाली, "मी त्यांना सांगणार नाही." म्हणून मी सांगते. तुझ्याबद्दल काही लपवण्याचा हक्क मी तिला देणार नाही. तो माझा एकटीचा आहे.

आठव. तुझा साचा घ्यायला बसवलं होतं, घरातच, आईच्या कटिंगच्या टेबलावर. दातांचा साचा घेतात ती गार पेस्ट चेहराभर, वर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या, नाकपुड्या तेवढ्या उघड्या. वीस मिनिटं. तू तिसऱ्या मिनिटाला सगळं ओरबाडून काढलंस आणि बाथरूममध्ये जाऊन कडी लावलीस. मी बाहेरून म्हणाले, "पुरे झालं तेवढं, बाकीचा मी मापं घेऊन हाताने घडवते." तू विश्वास ठेवलास.

हाताने घडवता येत नाही, ठके. निदान मला येत नव्हतं. शूटिंग चार दिवसांवर होतं. दाढीला सांगितलं असतं की ही घाबरते, तर त्याने तुला काढून दुसरी घेतली असती. त्या भूमिकेला रांग होती. रांगेत मीही होते. हे तुला माहीत नाही. तुझ्या दोन दिवस आधी मी त्याच्यासमोर तेच वाक्य म्हटलं होतं, 'साहेब मीटिंगमध्ये आहेत', आणि तो म्हणाला होता, "ताई, आवाज भाषणाचा आहे. मेलेलं माणूस एवढं पटवून देत नाही."

तर तू झोपलीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू बाहेर गेल्यावर मी टेबलावर आडवी झाले आणि आईने माझ्या तोंडावर पट्ट्या लावल्या. ओल्या कापडाला तिचा हात सरावलेला. मी विचारलं, "आई, चालेल ना गं?" ती म्हणाली, "दोघी माझ्याच. कुणाचंही तोंड चालेल."

चाललं नाही. माझ्या चेहऱ्यावर बेतलेलं रबर तुझ्या चेहऱ्यावर बसेना. डावा गाल बोटभर जास्त. तो तोंडाच्या कोपऱ्याशी गोळा व्हायचा आणि तू बोललीस की ओठ वर ओढायचा. पहिल्या दिवशी तू कॅमेऱ्यासमोर वाक्य म्हटलंस, कोपरा वर गेला, मी ब्रश घेऊन पुढे सरकले. आणि दाढी खुर्चीवरून खाली पडेपर्यंत हसला. "हेच," म्हणाला. "हेच हवं."

नव्या बाईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुकडा बसतच नव्हता? मी चार महिने कॉम्प्युटरवर ते हसू शोधतेय." मग हसत सुटली, मग माफी मागितली, मग पुन्हा हसली. मी तिला चहा दिला. द्यायचा नव्हता, पण दिला.

आता कळलं ना, साचा का पाठवत नव्हते? आणि अकरा वर्षं का बोलले नाही? तेव्हा टीव्हीवर तुझी ती मुलाखत लागली. 'ते हसू मी आरशासमोर कमावलं.' आई शेजारी बसली होती. तिने माझा हात धरला. देशभर पोरांनी ज्या हसण्याची नक्कल केली ते माझ्या जबड्याचं होतं, ठके. लोकांनी तुझ्या तोंडावर माझा चेहरा पाहिला आणि टाळ्या तुला दिल्या. मी पहिल्या खेळाला शेवटच्या रांगेत उभी होते आणि मला वाटत होतं, ओरडून सांगावं.

साचा सोबत पाठवत आहे. जुन्या साड्यांत गुंडाळला आहे. त्या आईच्या आहेत, परत कर.

ताई


८ एप्रिल

ठके,

तुझं पत्र तीनदा वाचलं. साचा कामाचा नाही, हे मला ठाऊकच होतं. खरं सांगू का? पाठवण्याआधी मी तो तोंडाशी धरून आरशात पाहिला. आता मलाही बसत नाही. गाल उतरले, जबडा सैल झाला. एकोणीस वर्षं ज्याच्यावरून जळले ते ना तुझं राहिलं होतं ना माझं.

तू लिहितेस, 'मुलाखतीत मी खोटं बोलले नव्हते ताई. शेवटच्या आठवड्यात रबर ओढत नव्हतं. मला जाणवलं होतं. तरी सगळ्यांना ते हसू हवं होतं, म्हणून मी आरशासमोर बसून शिकले. पण सुरुवात तुझ्या हातची होती हे सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर मी साच्याला घाबरले हे निघालं असतं, म्हणून गप्प बसले.'

रबर ओढत नव्हतं, कारण मी कड कापली होती. माझं हसू तुझ्या तोंडावरून काढून घ्यायचं होतं मला. कात्रीने बोटभर, कुणाला न सांगता. मग दिव्यांमागे उभी राहून वाट पाहत होते. तू वाक्य म्हटलंस. डावा कोपरा वर गेला. रबराशिवाय. आणि आधीपेक्षा चांगला.

मी हे त्याच दिवशी जाणलं होतं आणि एकोणीस वर्षं न जाणल्यासारखं वागले. हसू तुझं आहे. सुरुवात माझ्या चुकीची, पण हसू तुझं. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले, आणि सभेत मी कागदाशिवाय दीड तास बोलते.

आता दुसरं. तू लिहितेस, यंत्राचं माप पुरत नाही, रबर नीट बसवायला शेवटी प्लास्टरच लागतं. (या वाक्याखाली मी रेघ मारली आहे.) दोनदा बसलीस, दोनदा ओरबाडून काढलंस. सोळा तारखेला शेवटचा प्रयत्न, नाहीतर भूमिका दुसरीला. 'ताई, तू येऊन लावशील का? तुझे हात असतील तर मी बसेन.'

हे वाक्य ऐकायला मी अकरा वर्षं थांबले होते. आणि आता ते आलं, तर मी नाही म्हणते.

तू का घाबरतेस ते मला माहीत आहे. तू पाच वर्षांची होतीस, मी बाराची. आईकडे एकाच फ्रॉकपुरतं निळं कापड उरलं होतं आणि तिने तुझा शिवला. त्या दुपारी आपण लपाछपी खेळलो आणि तू कपड्यांच्या पेटीत लपलीस. आजवर सगळ्यांना मी सांगत आले की कडी आपोआप पडली, मला कळलंच नाही.

कडी मी लावली. तू आतून वाजवत होतीस आणि मी वर बसून मोजत होते. सतरापर्यंत मोजलं. मग आई आली.

आता सांग, या हातांनी तुझं तोंड झाकू?

ते काम तिला करू दे. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. हे मी तुला सांगितलं, तिला सांगू नकोस, आधीच आगाऊ आहे. पण प्लास्टर लावणारीचे दोन्ही हात अडकलेले असतात. धरायला हात उरत नाही. पहिल्या साच्याच्या वेळीही माझे अडकले होते. सोळाला मी येते आणि तुझा हात धरते. दुसरं काही करणार नाही. सूचना देणार नाही. प्रयत्न करेन.

तू नको म्हणालीस तर समजेन. पेटीबद्दल वाचून तुझं मन फिरलं तर तेही समजेन.

ताई


१६ एप्रिल, मेकअपची खोली

ठके,

डाव्या हाताने लिहिते आहे. उजवा तुझ्या हातात आहे. तुला बोलता येत नाही, पाहता येत नाही, मला गप्प बसता येत नाही. म्हणून तिचाच पेन घेतला. बाहेर आलीस की वाच.

पेटीबद्दल तू एक शब्द लिहिला नाहीस. सकाळी दारात मला पाहिलंस, हात पुढे केलास आणि म्हणालीस, "एकदा दाबलं तर ठीक. दोनदा दाबलं तर काढायचं. मोजत बसायचं नाही." बस, तेवढंच.

तीन मिनिटं झाली. चार. तू घामेजली आहेस.

ती तुझ्या नाकाशी पट्टी लावते आहे. वाकून, श्वास रोखून. मला आत कुठेतरी अजून कुरतडतं आहे. वाटतं, तिला ढकलावं आणि आपण लावावं. तिने वर पाहिलं आणि विचारलं, "ताई, नाकाजवळ बरोबर आहे ना?" आख्ख्या आयुष्यात मी इतकं छोटं भाषण दिलेलं नाही. "बरोबर आहे," म्हटलं.

नऊ मिनिटं. तू दोनदा दाबलंस.

मी ओरडले, "काढा." तिचे हात लगेच कडेला गेले. आणि तू पुन्हा दाबलंस. एकदा. घट्ट. ती थांबली. तुला फक्त पाहायचं होतं का, या वेळी कडी निघते की नाही?

चौदा. पट्ट्या कोमट झाल्या, म्हणजे प्लास्टर धरायला लागलं. आता तू दगडासारखी राहायला हवीस. दाढी दारात उभा आहे, आत यायची त्याची हिंमत नाही. माझ्याने राहवलं नाही. मी तुझ्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "साहेब मीटिंगमध्ये आहेत."

पट्ट्यांखाली काहीतरी हललं.

ती मला रागावली आहे. चक्क रागावली, मी तिच्या निम्म्या वयाची असल्यासारखी. "ताई, हसवू नका त्यांना, डावा कोपरा वर गेला. साचा तिरका निघेल."

निघू दे म्हटलं. तसाच निघू दे.